अंगणाचा उतार

सरकारी जमाखर्चात प्रत्येक रुपयाला बसावयास एक ठरलेला पाट असतो. त्याला आम्ही लेखाशीर्ष म्हणतो. टाचणीपासून टाकीपर्यंत कोणतीही वस्तू घ्या, तिचे लेखाशीर्ष सापडले नाही तर तिचे देयक या टेबलावरून त्या टेबलावर हिंडत राहते. बारा वर्षे असली देयके तपासण्यात गेल्यामुळे घरखर्चाची वहीही मी त्याच शिस्तीने लिहितो. वाणी, दूध, मुलांच्या शाळा, औषधे, बसभाडे, गावी पाठवावयाची रक्कम आणि शेवटी संसारी माणसाचा मोठा आधार असा तो 'किरकोळ' नावाचा रकाना. परंतु गेल्या वर्षीपर्यंत या वहीत एका गोष्टीला जागा नव्हती. नळाला आलेल्या पाण्याविषयी माणूस दिवसभर बोलतो; मोरीतून गेलेल्या पाण्याविषयी तो चकार शब्द काढीत नाही. ते गेले, एवढेच त्याला पुरे असते. ते परत आले म्हणजे मात्र त्याला कळते की आपण ज्याला 'गेले' म्हणत होतो, ते केवळ दुसऱ्याच्या दाराशी गेले होते.

मी राहतो ते घर दिल्लीत हिंदूरावच्या टेकडीखाली, मलकागंजकडे उतरणाऱ्या एका गल्लीत आहे. 'हिंदूराव' हा शब्द येथील रिक्षावाले 'हिंदू' आणि 'राव' असा तोडून उच्चारतात, आणि बहुतेकांच्या मनात त्याचा अर्थ एक मोठे रुग्णालय एवढाच असतो. मी मात्र गडहिंग्लजचा. लहानपणी कोल्हापूरला जाताना आमची एसटी कागलवरून जाई. त्या कागलच्या घाटग्यांपैकी एक, सर्जेरावांचे चिरंजीव आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे बंधू, म्हणजे हे हिंदूराव. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याने १८३०च्या सुमारास या टेकडीवर एक प्रशस्त बंगला बांधला. १८३५ साली फ्रेझरचा खून झाला, आणि पुढे तो बंगला हिंदूरावांनी विकत घेतला. साहेब गेला, संस्थानिक गेला, बंगल्याचे रुग्णालय झाले. नाव तेवढे राहिले. येथून थोड्या अंतरावर 'बाडा हिंदूराव' नावाची वस्ती आहे. हिंदीत 'बाडा' म्हणजे आवार हे मला ठाऊक आहे. तरी बसच्या पाटीवर तो शब्द वाचताना माझ्या कानाला आपला वाडाच ऐकू येतो. परमुलखात राहणाऱ्याचे कान असे थोडे लबाड होतात.

आमच्या घरालाही वाड्याचेच वळण आहे. मध्ये चोवीस फूट लांब आणि अठरा फूट रुंद असे अंगण आणि त्याच्या कडेने बिऱ्हाडे. तळमजल्यावर एका बाजूस बीजी राहतात. त्या दोन वर्षांच्या असताना लायलपूरहून कोणाच्या तरी खांद्यावर बसून आल्या. याच घरात १९६४ साली त्यांचे लग्न झाले, आणि आता त्या एकट्या आहेत. समोरच्या बाजूस आमचे चौघांचे बिऱ्हाड. वरच्या मजल्यावर केरळचे एक जोडपे आणि त्यांची मुलगी. दोघेही रुग्णसेवेत आहेत. गच्चीवरच्या दोन खोल्यांत स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करणारी तीन मुले. घरमालक दूर, शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुलाकडे राहतात. आम्ही त्यांना लालाजी म्हणतो. बिऱ्हाडे पाच भाषांत भांडतात, पण सगळ्यांच्या मोऱ्यांचे पाणी एकाच नालीने अंगण ओलांडून गल्लीत जाते. विचार केला तर आम्हा सर्वांच्या मालकीची म्हणावी अशी त्या घरात तेवढी एकच वस्तू होती.

२८ जून २०२४ची पहाट दिल्लीकर विसरणार नाहीत. सफदरजंगच्या वेधशाळेत त्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत २२८.१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. जून महिन्यात एका दिवसात एवढा पाऊस १९३६ नंतर पडला नव्हता. आमच्या टेकडीवरही तो मुसळधार कोसळत होता. पाचच्या सुमारास अंगणात भांडी आपटल्यासारखा आवाज झाला म्हणून आम्ही दिवा लावला, तो बीजींच्या खोलीत पाणी शिरलेले. ते पाणी आकाशातले असते तर माणसाने देवाला बोल लावला असता. ते नालीच्या जाळीतून वर उसळलेले होते, आणि त्यात आम्हा सर्वांच्या घरचे सर्व काही होते. बीजी तख्तावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. मांडीवर पिठाचा डबा, आणि त्याच्यावर औषधांची पिशवी. माझ्या पत्नीने हात पुढे केला तेव्हा त्या म्हणाल्या, "मला राहू दे, बेटी. आधी माझी पेटी उचल."

त्यानंतर त्या पावसाळ्यात असे आणखी तीनदा झाले. दर वेळी आम्ही पाणी उपसले, फिनेल ओतले आणि दर वेळी बीजींच्या खोलीच्या भिंतीवरची ओल एक वीत वर चढली. वरच्या मजल्यांवर अर्थातच काही झाले नाही. नालीचा हाच स्वभाव आहे. पाणी सांडतो वरचा, आणि तुंबते खालच्याकडे. म्हणून दुरुस्तीची गरज ज्याला सर्वांत जास्त, त्याच्या हाती ती करण्याचे बळ सर्वांत कमी असते.

नालीचे दुखणे काय, हे समजून घेण्यास मला काही रविवार लागले. बीजी सांगतात की त्यांच्या लग्नाच्या वेळी गल्लीतून अंगणात यावयास दोन पायऱ्या चढाव्या लागत. आज एक पायरी उतरावी लागते. घर खचलेले नाही; गल्ली वाढली आहे. दर काही वर्षांनी जुन्या थरावर काँक्रीटचा नवा थर टाकला जातो, आणि जुना थर खरवडून काढण्याचे कष्ट कोणी घेत नाही. रस्ता असा उंच होत जातो आणि त्याच्या दोन्ही कडांची घरे न हलता बुडत जातात. दिल्लीच्या कितीतरी जुन्या गल्ल्यांची हीच कथा आहे. प्रत्येक थर टाकला तेव्हा तो दुरुस्ती म्हणूनच टाकला होता, यातला विनोद मात्र खालच्या मजल्यावर राहणाऱ्यालाच कळतो.

याचा परिणाम असा की आमच्या नालीला उतारच उरला नव्हता. स्थापत्याच्या पुस्तकांत एक सोपा आडाखा असतो. चार इंची नळाला चाळीस फुटांत एक फूट, सहा इंचीला साठ फुटांत एक फूट, नऊ इंचीला नव्वद फुटांत एक फूट असा उतार द्यावा. उतार यापेक्षा फार कमी झाला तर पाणी रेंगाळते आणि त्यातला गाळ तळाशी बसतो. पुरेसा असला म्हणजे पाणी आपल्या वेगानेच नळ धुऊन नेते. आमची नाली अंगणाच्या दोन भिंतींना धरून काटकोनात गेलेली होती. चोवीस आणि अठरा मिळून बेचाळीस फूट. सहा इंची नळाला एवढ्या लांबीत साडेआठ इंच उतार हवा. गल्लीतली हौदी आता इतकी वर आली होती की मोजून सहाच इंच मिळत होते. अडीच इंच कमी पडत होते. त्या अडीच इंचांत बीजींची पेटी, पीठ आणि रात्रीची झोप बुडाली होती.

जाता जाता एक गंमत. याच पुस्तकांत मोरीच्या तोंडाशी बसवावयाच्या जाळीदार सांडणीला 'न्हाणी ट्रॅप' असे नाव आढळले. आपली न्हाणी इंग्रजी पुस्तकात शिरून अखिल भारतीय झाली आहे! येथला कोणताही मिस्त्री तिला 'जाली' म्हणतो, पण सरकारी दरपत्रकात ती न्हाणीच आहे. हिंदूरावांनंतर या भागात टिकून राहिलेला दुसरा मराठी रहिवासी मला असा भेटला.

सप्टेंबर अखेर पाऊस ओसरला, आणि मी कचेरीतल्या सवयीने तीन निविदा मागविल्या. पहिली एक लाख दहा हजारांची. त्या ठेकेदाराचे म्हणणे असे की सारे अंगण फोडून पाच इंच उंच करावे, वर फरश्या बसवाव्यात, म्हणजे उतार आपोआप मिळेल. तो मिळाला असता हे खरे. परंतु अंगण पाच इंच चढले की बीजींचा उंबरा अंगणाच्या खाली जातो. गल्लीने घराशी जे केले तेच घराने बीजींशी करावे, असा त्याचा अर्थ. दुसरी निविदा एका बुंदेलखंडी मिस्त्रीची, सत्तर हजारांच्या आसपास. तिसरी सोळा हजारांची.

सरकारी नोकरीत न्यूनतम निविदेला देवासारखे मानतात. ती डावलावयाची असेल तर कारणे लेखी द्यावी लागतात, आणि त्या कारणांवर पुढे आणखी माणसे कारणे विचारतात. लालाजींनी फोनवर सोळा हजारांचा आकडा ऐकताच "बस, हेच करा" म्हटले. गच्चीवरच्या मुलांनाही ते पटले. सोळा हजारांत काय काय येते हे विचारावे म्हणून मी त्या गृहस्थाला पुन्हा बोलाविले. तो म्हणाला, फोडाफोड काही नाही. गल्लीतली मोठी हौदी उघडायची, आपला एक मुलगा आत उतरेल, तुंबलेले हाताने काढील, मग दोन ठिकाणी सिमेंट मारू. "आत उतरेल म्हणजे?" मी विचारले. "पहाटे येऊ, साहेब. कोणी बघत नाही."

त्या चार शब्दांत सोळा हजारांचे सगळे गणित होते. माणसाला गटारात उतरविण्यास २०१३च्या कायद्याने बंदी आहे. त्याआधी १९९३चाही एक कायदा होता. गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले, आणि ऑक्टोबर २०२३मध्ये ती रक्कम तीस लाख केली. कायदा आहे, निवाडे आहेत, आणि तरीही पहाटे कोणी बघत नाही. या बंद हौद्यांत साचणाऱ्या वायूचा एक दुष्ट गुण असा की तो थोडा असतो तेव्हा कुजक्या अंड्यासारखा वास येतो, आणि प्राणघातक होतो तेव्हा तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. उतरणाऱ्याला वाटते, धोका गेला.

रविवारी अंगणात सर्वांची बैठक झाली. मुलांपैकी एक म्हणाला, "काका, तो करायला तयार आहे. त्याला पैसे मिळतात, आपले वाचतात." तो मुलगा वाईट नाही, रात्री दोनपर्यंत राज्यघटनेची कलमे पाठ करतो. त्याला उत्तर मी दिले नाही. वरच्या मजल्यावरच्या परिचारिका बाई, ज्या एरवी बैठकीत बोलत नाहीत, त्या शांतपणे म्हणाल्या, "असे रुग्ण आणतात तेव्हा बहुधा एक नसतो. दोन असतात. एक जो उतरला तो, आणि दुसरा जो त्याला काढायला उतरला तो." मग कोणी काही बोलले नाही. बीजींनी आपला हात त्या मुलाच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "माझ्या घरात पाणी येऊ दे, पुत्तर. हे नको."

त्या दिवशी मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट नव्याने कळली. स्वस्त निविदेत जो आकडा दिसत नाही, तो नाहीसा झालेला नसतो. तो कोणीतरी दुसरा भरीत असतो, आणि बहुतेक वेळा पैशांत नव्हे. तपासनिसाला तो दिसत नाही, कारण देयकावर त्याची सही नसते.

मिस्त्रीची निविदा मान्य झाली. आता पैसे कोणाचे? मी भाडेकायदा काढून बसलो. १९५८च्या दिल्ली भाडेनियंत्रण कायद्याचे चव्वेचाळीसावे कलम सांगते की घर राहण्यायोग्य ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. लेखी सूचना देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही तर भाडेकऱ्याने ती करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षाला एकूण भाड्याच्या बाराव्या हिश्श्यापर्यंतच. बारावा हिस्सा म्हणजे एक महिन्याचे भाडे. बीजींचे भाडे दरमहा दोनशे चाळीस रुपये आहे. म्हणजे कायद्याने त्यांना वर्षाकाठी दोनशे चाळीस रुपयांची नाली दुरुस्त करून घेण्याचा हक्क दिला आहे. तेवढ्यात सिमेंटची एक गोणीही येत नाही. आणि आम्ही? दरमहा साडेतीन हजारांहून अधिक भाडे असलेल्या घरांना १९८८च्या दुरुस्तीपासून हा कायदा लागूच नाही. ज्याला कायदा आहे त्याला पैसे नाहीत, आणि ज्याच्याकडे थोडे पैसे आहेत त्याला कायदा नाही, अशी ती बेरीज झाली.

तथापि, लालाजींच्या बाजूनेही एकदा पाहावयास हवे. हा कायदा लागू असलेल्या घराचे भाडे तीन वर्षांनी दहा टक्के वाढविता येते. दोनशे चाळीसचे दहा टक्के चोवीस रुपये. साठ वर्षांपूर्वीच्या भाड्यावर आजच्या दराने मिस्त्री आणावा असे त्यांना सांगणे सोपे आहे. त्यांनी बीजींना घालवून देण्याचा प्रयत्न केला नाही, हे मी त्यांच्या जमेच्या बाजूस लिहिले. मी त्यांच्याकडे जाऊन अंदाजपत्रक दाखविले. बेचाळीस फूट, सहा इंच, अडीच इंच कमी, असे सगळे. ते बराच वेळ कागद पाहत राहिले. मग म्हणाले, "ही नाली माझ्या वडिलांनी उभे राहून घातली होती. निम्मे माझे."

राहिले निम्मे. ते चार बिऱ्हाडांत कसे वाटावे यावर दोन बैठका झाल्या. समान वाटावे तर एकट्या बीजी आणि आम्ही चौघे सारखे कसे? नळांच्या संख्येवर वाटावे तर गच्चीवरच्यांना एकच नळ. ज्याच्याकडे पाणी तुंबते त्याने अधिक द्यावे असेही एक मत निघाले; त्याचा अर्थ जो बुडतो त्यानेच दोरीचे पैसे द्यावे असा होत होता, म्हणून ते मांडणाऱ्यानेच मागे घेतले. शेवटी डोई ठरली. माणूस जितके, पाणी तितके. एक अधिक चार अधिक तीन अधिक तीन, एकूण अकरा डोकी. बीजींना वगळावे अशी सूचना माझ्या पत्नीने केली. त्यावर बीजी रागावल्या. "माझे पाणी जात नाही का? मी काय पाहुणी आहे?" त्या घरात साठ वर्षे राहिलेल्या बाईला आपण पाहुणी नाही हे सिद्ध करण्यासाठी तीन हजार रुपये द्यावयाचे होते, आणि ते तिने दिले.

मुलांचा प्रश्न मात्र खरा होता. "आम्ही वर्षभराने जाऊ. ही नाली तीस वर्षे टिकेल. आम्ही का द्यावे?" खरे सांगावयाचे तर तोच प्रश्न माझ्याही मनात होता, आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात तो असतो. आपण परगावी कपाट घेतो, पंखा घेतो, हप्त्यावर शीतकपाट घेतो; जे उचलून नेता येईल ते सर्व घेतो. जमिनीत पुरावयाचे पैसे आपण गावाकडे पाठवितो. तेथे विहिरीचा कठडा, देवळाचा पार, घराची कौले. येथे आपण वीस वर्षे राहिलो तरी मनाने फलाटावरच उभे असतो. माझ्या वाट्याचे बारा हजार एकशे पन्नास रुपये मजजवळ होते. पण ते गडहिंग्लजच्या घराच्या कौलांसाठी बाजूला काढलेले होते. गेल्या पावसाळ्यात माजघरात दोन ठिकाणी गळत होते. वडिलांना फोन करून हे सांगणे मला जड गेले. त्यांनी सर्व ऐकून घेतले. नालीचा उतार किती, नळ कशाचा, हौद्या किती, हेही विचारले. मग म्हणाले, "पाणी जिथं सांडतोस, तिथलं काम आधी कर. कौलांचं दिवाळीनंतर बघू. इथं मी पातेलं लावतोय, त्या म्हातारीला पातेलं पुरायचं नाही."

मुलांना मी एवढेच सांगितले की तुम्ही आलात तेव्हा या घरात नळ, जिना, दिवा हे सगळे तुमच्या आधी राहून गेलेल्या कोणाच्या तरी पैशांनी झालेले होते, आणि त्यांची नावेही तुम्हाला ठाऊक नाहीत. त्यांनी दोन हप्त्यांत पैसे दिले.

काम ऑक्टोबरच्या मध्यास सुरू झाले. घाई होती, दिल्लीची हवा हिवाळ्याच्या तोंडाशी बिघडली की खोदकामांवर बंदी येते. मिस्त्रीने पहिल्या दिवशी अंगण पाहिले, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात सुतळी ताणली आणि म्हणाला, "बाबूजी, भिंतीच्या कडेने का जाता? तिरके जा." सुतळी मोजली, तो बरोबर तीस फूट भरली. चोवीस, अठरा आणि तीस. शाळेतला पायथागोरस अंगणात उभा राहिला. मिस्त्रीला त्याचे नाव ठाऊक नव्हते. तीन-चार-पाचच्या दोरीने काटकोन साधणे हे त्याचे रोजचे काम. तीस फुटांना सहा इंची नळाचा उतार किती हवा? सहा इंच. आणि आमच्याजवळ होते सहा इंच. कोणाचा उंबरा बुडवावयास नको, गल्ली फोडावयास नको. बारा फूट नळ वाचला आणि अडीच इंचांचा तंटा मिटला.

परंतु तिरके जावयाचे म्हणजे प्रत्येकाच्या जागेतून जावयाचे. त्या रेषेवर बीजींचे तख्त होते, आमचे तुळशीवृंदावन होते, वरच्यांची मोटारसायकल होती आणि मुलांची कपडे वाळविण्याची दोरी होती. जुनी नाली भिंतीच्या कडेकडेने गेली होती ती बहुधा याचसाठी. कोणाची गैरसोय नको म्हणून लांबचा रस्ता, आणि लांबच्या रस्त्याला उतार नाही. सहा दिवस सगळ्यांनी आपापली वस्तू उचलली. तुळस आठवडाभर आमच्या खिडकीत होती.

एकूण खर्चाचा तपशील, ज्याला उपयोगी पडेल त्याच्यासाठी, येथे देतो. फोडकाम आणि मलबा उचलणे ८,५००. सहा इंची नळाचे चार तुकडे ६,६००. विटांच्या दोन हौद्या लोखंडी झाकणांसह १३,०००. दोन ट्रॅप १,९००. सिमेंट, रेती, खडी ९,४००. मिस्त्रीची सहा दिवसांची मजुरी ६,०००. दोन बेलदारांची ९,०००. गल्लीपर्यंतचा भाग यंत्राच्या दाबाने धुऊन घेणे ४,५००. अंगणाचा कोबा ७,४००. एकंदर ६६,३००. त्यांपैकी लालाजी ३३,१५०, बीजी ३,०००, वरचे बिऱ्हाड ९,०००, मुले ९,०००, आणि उरलेले आम्ही. न्यूनतम निविदेपेक्षा हे ५०,३०० रुपयांनी जास्त आहे. कारणे लेखी द्यावयाची झाली तर मजजवळ ती आहेत.

काम संपल्यावर एका संध्याकाळी मी मुलांना घेऊन टेकडीवर गेलो. रुग्णालयाच्या जवळच फिरोजशाह तुघलकाने मेरठहून आणविलेला अशोकाचा स्तंभ उभा आहे. तो मध्यंतरी स्फोटात फुटला होता, आणि १८६७ साली तुकडे जोडून पुन्हा उभा केला गेला. दुरुस्ती ही या टेकडीला नवी नाही. १८५७च्या उन्हाळ्यात इंग्रजांची फौज याच कण्यावर ठाण मांडून होती, आणि हिंदूरावांचा वाडा हे तिचे सर्वांत पुढचे ठाणे होते. मेजर रीडच्या गुरख्यांनी ते धरून ठेवले. परंतु त्या फौजेतले कित्येक लोक तोफेने नव्हे, पटकीने गेले. सेनापती बर्नार्ड ५ जुलै १८५७ रोजी पटकीनेच मेला. छावणीच्या पिछाडीस नजफगडचा कालवा वाहत होता. पटकी पाण्यातून पसरते असे लंडनच्या डॉक्टर जॉन स्नोने तीनच वर्षांपूर्वी, १८५४ साली, एका सार्वजनिक पंपाच्या आधाराने दाखवून दिले होते. तोवर फारच थोड्यांना ते पटले होते. केवढे साम्राज्य, केवढ्या तोफा. आणि सांडपाण्याचा उतार कोणीकडे आहे हे पाहावयास कोणास सवड नव्हती.

टेकडीच्या माथ्यावर पडणारा पाऊस दोन वाटांनी जातो. पूर्वेचा यमुनेकडे, पश्चिमेचा नजफगडच्या नाल्याकडे. आणि तो नालाही वजीराबादजवळ शेवटी यमुनेलाच मिळतो. आज ज्याला सगळे नाला म्हणतात ती मुळात राजस्थानातून येणारी साहिबी नदी. दिल्लीचा पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा १९७६ साली तयार झाला. १९७१च्या जनगणनेत या शहरात चाळीस लाख माणसे होती. २०११च्या जनगणनेत ती एक कोटी अडुसष्ट लाख झाली. नव्या आराखड्यासाठी दिल्लीच्या आयआयटीने आपला अहवाल २०१८मध्ये दिला. मधल्या बेचाळीस वर्षांत गल्ल्यांवर किती थर चढले असतील, याचा हिशेब बीजींच्या पायऱ्यांवरून करता येईल.

एवढ्या मोठ्या शहराचे गणित मजसारख्या कारकुनाच्या आवाक्यातले नाही. परंतु आमच्या अंगणात जो पेच होता त्याहून ते फार वेगळे असेल असे मला वाटत नाही. तेथेही वरचा म्हणतो, माझ्याकडे तुंबत नाही. भाडेकरू म्हणतो, मी जाणार आहे. मालक म्हणतो, भाडे पुरत नाही. आणि सगळे मिळून पहाटे येणाऱ्या कोणा एका मुलाकडे पाहतात. पैसे कमी असतात हे खरे, पण त्याहून कमी असते ती एकमेकांच्या जागेतून तिरके जाऊ देण्याची तयारी. ती मिळाली की आहे त्या सहा इंचांत भागते.

यंदाच्या पावसाळ्यात बीजींच्या खोलीत पाणी आले नाही. भिंतीवरची ओल हळूहळू उतरते आहे. चुना मारावयास आणखी एक उन्हाळा जावा लागेल असे मिस्त्री म्हणतो. गच्चीवरच्या तिघांपैकी दोघे गेले. जाताना एकाने आपली कपडे वाळविण्याची दोरी नव्या मुलांसाठी ठेवली आणि हौदीचे झाकण कसे उचलावे, दर महिन्याला जाळी कशी काढून धुवावी, हे त्यांना दाखवून गेला. गडहिंग्लजची कौले दिवाळीनंतर, जरा उशिराच, पण बदलली. माझ्या वहीत आता किरकोळच्या वर एक नवा रकाना आहे. त्याला मी 'उतार' असे नाव दिले आहे, आणि दरमहा त्यात दोनशे चाळीस रुपये टाकतो.